चहाडखोर पेटी आणि गौरीची पावलं

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी सव्वासातला तांबओढ्याच्या पुलावरच्या फलकाने मकरंद ताम्हनकरांचं नाव घेतलं, आणि तेही लाल अक्षरांत!

लाल अक्षरांत नाव येणं म्हणजे काय, हे हातकुंडी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाऊस होऊन गेला की सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आधी पुलावर जायचा, आज कुणाची अब्रू गेली ते बघायचा आणि मग दुधाच्या रांगेत उभा राहायचा. मकरंदराव तर ओढा बचाव समितीचे चिटणीस. ते पुलावर यायचे ते फलक वाचायला नव्हे, चारचौघांना मोठ्याने वाचून दाखवायला. त्या दिवशी त्यांना बघून गर्दीने नेहमीसारखी वाट दिली, पण वाट देता देता सगळे हसत होते.

फलकावर लिहिलं होतं, ‘ताम्हनकर, जिजाईनगर, गल्ली चार. इंजिन तेल, कपड्यांचा साबण, गुलाबावरचं कीटकनाशक, केसांचा कलप, कुत्र्याची विष्ठा.’

“इंजिन तेल?” मकरंदराव ओरडले. “अहो, मी सायकल चालवतो!”

“आणि कुत्रा कधी आणलात?” शेजारच्या डोंगरे सरांनी विचारलं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, गुलाबवेडे.

“कुत्रा नाही आमच्याकडे!”

“कलप तरी आहे ना?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या नजरा मकरंदरावांच्या डोक्याकडे वळल्या. बासष्टाव्या वर्षी त्यांचे केस कुळकुळीत काळे होते. ते तडक घराकडे निघाले.

हा फलक पुलाखालच्या एका पेटीच्या सांगण्यावरून नावं लावायचा. ही पेटीची काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं. आपल्या मोरीचं, संडासाचं पाणी बंद नळातून शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाच्या पाण्याला मात्र असं कुणी विचारत नाही. अंगणावर, गच्चीवर, रस्त्यावर पडलेला पाऊस उघड्या गटारातून थेट ओढ्याला मिळतो आणि जाताना वाटेत सांडलेलं सगळं बरोबर नेतो. गाडी धुतलेला फेस, गळालेलं तेल, फवारलेलं औषध, काही म्हणून सोडत नाही. पावसाने कसं स्वच्छ धुऊन निघालं, असं आपण कौतुकाने म्हणतो. धुऊन निघालेलं गेलं कुठे, ते ओढ्यातल्या माशांना विचारावं. कारखान्याची घाण एका नळीतून येते, तिचा मालक सापडतो. ही घाण शंभर अंगणांतून थोडी थोडी येते. धरणार कुणाला?

शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली ती अशी. सजीवांच्या पेशीतला डीएनए म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची लांबलचक माळ. हे मणी हव्या त्या क्रमाने ओवणं आता प्रयोगशाळेत सोपं झालंय, आणि साठ मण्यांच्या माळेतही इतके वेगवेगळे क्रम निघतात की पृथ्वीवरच्या प्रत्येक घराला एकेक देऊन उरावेत. अशी माळ कुठल्याच जीवाची नसते, त्यामुळे ती कुणाला बाधत नाही. ती नुसती नावाची पाटी. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या काचेच्या कणात बंद करायची, कणाला तेल, साबण, औषध चिकटेल असा लेप द्यायचा आणि संगमरवराच्या पांढऱ्या भुकटीत मिसळून ज्याच्या त्याच्या अंगणात शिंपडायचं. पाऊस आला की कण निघाला. पोटात घराचं नाव, अंगाला वाटेतली घाण! पुलाखालची पेटी असे कण वेचते, अंगाला काय लागलंय ते तपासते, मग कवच फोडून आतल्या माळेच्या लाखो प्रती काढते आणि नाव वाचते. सरकारी कागदावर तिचं नाव ‘स्रोत-ओळख संच’. गाव तिला चहाडखोर पेटी म्हणायचं.

ती गावात आणली मकरंदरावांनी. छत्तीस वर्षं विजेचे मीटर तपासण्यात गेली होती, त्यामुळे माणूस बोलतो ते खोटं आणि काटा दाखवतो ते खरं, अशी त्यांची पक्की समजूत झालेली. पण पेटीमागचं खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या घरासमोर विलास खराडेचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. दोन हजार बेचाळीस साल उजाडलं तरी पेट्रोलच्या जुन्या गाड्या जिवापाड जपणारे लोक तालुक्यातून विलासकडे यायचे. मकरंद आणि विलास एकाच बाकावर शिकलेले, याच ओढ्यात खेकडे पकडत वाढलेले. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगले. मकरंदरावांना त्या दिवशी गॅरेजशेजारच्या गटारात तेलाचा तवंग दिसला आणि त्यांनी विलासशी बोलणं टाकलं. दोघांच्या बायका मात्र रोज बोलत होत्या, त्यामुळे समोरच्या घरात आज कसली भाजी आहे ते दोघांनाही कळत होतं.

एका पावसाळ्यात दोनदा नाव लाल झालं की सुनावणी, आणि धंद्याची जागा असेल तर सील, असा नियम. विलासचं नाव आषाढात एकदा लाल झालं, श्रावणात एकदा. सुनावणी होती दुसऱ्याच दिवशी, सकाळी दहाला, समाजमंदिरात. गॅरेजला सील लागणार हे ठरल्यातच जमा होतं, आणि बासष्टाव्या वर्षी विलासला दुसरं काही येत नव्हतं.

घरी उज्ज्वलाताई पुरण वाटत होत्या.

“आपल्या अंगणात कुत्रा येतो का गं?” मकरंदरावांनी दारातूनच विचारलं.

“आज गौरी जेवणार आहेत. कुत्र्याचं उद्या बघू.”

मकरंदराव भिंग घेऊन अंगणात रांगायला लागले. तेल नाही, साबण नाही, काही नाही! रांगत रांगत ते ओसरीच्या पायरीशी आले आणि तिथेच थबकले. पायरीवर, पत्र्याच्या आडोशाला, आदल्या दिवशी काढलेली गौरीची पावलं होती. लख्ख पांढरी, कडा जागच्या जागी. त्यांनी बोटाने चिमूटभर उचलली, चोळून पाहिली आणि स्वयंपाकघराकडे धावले.

“ही रांगोळी कुठली?”

“डब्यातली.”

“कुठल्या डब्यातली?”

“माळ्यावरच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून रांगोळी त्याच डब्यात असते. आणि यंदा केवढी आणून ठेवलीत हो! न सांगता! मला म्हटलं, सुधारला माणूस.”

मकरंदरावांना आपणच माळ्यावर ठेवलेली भुकटी आठवली. समितीचे चिटणीस म्हणून त्यांना प्रात्यक्षिकासाठी, घरोघरी वाटलेल्या भुकटीच्या पाकिटाऐवजी, दहा किलोचं पोतं मिळालं होतं, सगळं त्यांच्याच घराच्या नावाचं. शिंपडायला तीन किलो पुरलं. उरलेलं टाकून देणं या माणसाच्या रक्तातच नाही. फाटकी पाकिटं, तुटलेली बटणं, मिठाईच्या खोक्यांची रबरं, सगळं यांच्या घरी जपून ठेवलेलं. भुकटीला ओल लागू नये म्हणून त्यांनी माळ्यावरचा घट्ट झाकणाचा रिकामा डबा शोधला आणि त्यात ओतली. डब्यावर चिठ्ठी लावली नाही, कारण आपल्या लक्षात राहतं असा त्यांचा गैरसमज होता.

“काय सुरेख पडते म्हणून सांगू,” उज्ज्वलाताई रंगात आल्या. “चिमटीतून सरसर सुटते, रेघ तुटत नाही, वाऱ्याने उडत नाही. मानेकाकू बघून गेल्या, म्हणाल्या, वाटीभर द्या. मग परीट वहिनी आल्या. मग डोंगऱ्यांची सून.”

“किती जणींना दिलीस?”

“गौरी यायच्या दिवशी दारात आलेल्या बाईला नाही म्हणू?”

“आकडा सांग, उज्ज्वला!”

“अकरा. आणि सपाट वाटी नव्हे हो, शिगोशीग. समोरच्या रंजनाच्या कंबरेत उसण भरलीय, तर तिच्याकडे मीच जाऊन काढली. रस्त्यापासून, गॅरेजमधून, थेट देवघरापर्यंत पावलं!”

लोकांनी वैशाखात शिंपडलेले कण श्रावणअखेर वाहून गेले होते. नवी पाकिटं यायची होती नवरात्रात. म्हणजे या घटकेला चौथ्या गल्लीतली सगळी अंगणं, सातबारा न बदलता, ताम्हनकरांच्या नावावर झालेली होती. गौरी ज्या ज्या अंगणातून घरात आली, त्या त्या अंगणातली घाण रात्रीच्या पावसाने मकरंदरावांच्या नावाने पुलावर पोचवली होती.

“म्हणजे मी निर्दोष आहे!” मकरंदराव आनंदाने ओरडले. त्यांनी तातडीने कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसले. अर्ज लिहिताना त्यांना जे सुख व्हायचं ते पुरणपोळीनेही होत नसे. ‘महोदया, कण माझे असले तरी घाण माझी नाही. कण जिथे पडतो तिथली आणि त्याच्यावरून जे पाणी जाईल त्यातली घाण उचलतो. यात ज्याच्या नावाचा कण आहे त्याचा दोष…’

इथे पेन थांबलं.

वैशाखात पाकिटं वाटली तेव्हा विलासने आपलं घेतलं नव्हतं. “तुझी पूड तुझ्याच डोक्यात घाल,” असा निरोप बायकोबरोबर पाठवला होता. मग चिटणिसांनीच ते पाकीट फोडलं. गॅरेजच्या फाटकात पाय ठेवायचा नाही अशी प्रतिज्ञा होती, म्हणून फाटकाबाहेर, भिंतीलगतच्या गटारात, सढळ हाताने पसरून टाकलं. गल्लीचा उतार त्या गटाराकडे. वरच्या सगळ्या घरांचं पाणी त्यातूनच जाणार. विलासच्या नावाच्या कणांवरून अख्ख्या गल्लीची घाण दोन महिने वाहत होती.

त्यांनी माहितीपुस्तिका काढली. पान चार, ठळक अक्षरांत, ‘भुकटी गटारात टाकू नये.’

“काय झालं?” उज्ज्वलाताईंनी विचारलं.

“कुठे काय?”

“खोटं बोलताना तुमचा उजवा कान लाल होतो.”

मग मकरंदरावांनी सगळं सांगितलं. उज्ज्वलाताईंनी तव्यावरची पोळी उलटली, तूप सोडलं आणि म्हणाल्या, “मग उद्या सांगा सगळ्यांसमोर.”

“अगं, सांगितलं तर समिती जाईल. पेटीही उचलून नेतील. चार वर्षं घालवली मी त्यात!”

“नाही सांगितलंत तर विलास भावजींचं गॅरेज जाईल.”

“पण तेल त्याचंच आहे, माझी खात्री आहे!”

“खात्री आहे, की तुम्हाला तसं हवंय?”

मकरंदराव दुपारी दोन पोळ्यांवर उठले, तेव्हा उज्ज्वलाताईंना कळलं की प्रकरण खोलवर गेलंय.

संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. मकरंदराव मसाला दुधाचे पेले भरून ट्रे घेऊन दाराआड उभे होते. आत लाल अक्षरांवरून हसणं चाललं होतं, आणि ज्या अकराजणी हसत होत्या त्यांचीच घाण त्या फलकावर होती! मग विलासची बायको रंजना कंबर धरून आली आणि हसणं थांबलं.

“विलास भावजी कसे आहेत?” उज्ज्वलाताईंनी विचारलं.

“सकाळपासून पाने-पकडी पुसत बसलेत, वहिनी,” रंजना म्हणाली. “एकेक पुसतात, पेटीत ठेवतात. पुन्हा काढतात, पुन्हा पुसतात. एक शब्द बोलत नाहीत. शिव्या तरी द्या म्हटलं, तर त्याही देत नाहीत.”

विलास शिव्या देत नाही म्हणजे काय, ते मकरंदरावांना पहिलीपासून माहीत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना विलासची आठवण झाली. राग नाही, आठवण. ट्रे तिथेच ठेवून ते मागच्या अंगणात गेले आणि डोळे पुसून आले.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर गच्च भरलं. ओढा अधिकारी ईशानी कुंभोजे, वय वर्षं एकोणतीस, वेळेवर हजर. गौरीविसर्जनाच्या दिवशी सुनावणी कशाला, असं कुणीतरी कुरकुरलं, तर म्हणाल्या, “ओढा सुट्टी घेत नाही.” विलास पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

“खराडे काका, तुमच्या नावावर दोन लाल नोंदी आहेत. काही म्हणायचंय?”

विलासने मान हलवली. नाही.

“मला म्हणायचंय,” मकरंदराव उठले. सगळ्या सभेने सुस्कारा सोडला, कारण चिटणीस उठले की अर्धा तास बसत नाहीत हा अनुभव. पण ते दोन मिनिटांत संपले. डबा, वाट्या, गौरीची पावलं, आणि मग गटार. “विलासचं पाकीट मी गटारात टाकलं. अख्ख्या गल्लीची घाण त्याच्या नावावर चढली. चूक माझी आहे.”

“पुस्तिकेतलं पान चार तुम्ही वाचलं नव्हतं?”

“वाचलंय, मॅडम. तीनदा. याच सभागृहात, मोठ्याने.”

हशा पिकला. मॅडमनी ओठ दाबून धरले आणि पडद्यावर काहीतरी खोडलं. “खराडेंच्या दोन्ही नोंदी रद्द. ताम्हनकरांची कालचीही रद्द.” रंजनाने डोळ्यांना पदर लावला. लोक उठायला लागले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “बसा सगळे! पेटीने नाव चुकीचं सांगितलं, घाण बरोबर सांगितली. पाण्यात कलप होता. कुणाचा?”

सभा पंख्याकडे बघायला लागली. मॅडमही थांबल्या. त्यांना बहुतेक दुपारपर्यंत थांबायची सवय असावी.

“माझा,” शेवटी मानेकाकू म्हणाल्या. “बाथरूमच्या फरशीला डाग पडतात हो, म्हणून अंगणातल्या नळावर डोकं धुते.”

“निम्मा माझा,” मकरंदराव खालमानेने म्हणाले. “मीही अंगणातच धुतो.”

“अहो!” उज्ज्वलाताई ओरडल्या. “आणि मला सांगता जन्मजात काळे!”

त्यानंतर गल्लीला धीर आला. डोंगरे सरांनी कीटकनाशक कबूल केलं, वर प्रमाणाच्या चौपट फवारतो हेही सांगितलं. परीट वहिनींनी रस्त्यावर सतरंज्या धुतल्याचं मान्य केलं. कुत्र्याचं कुणी घेईना, तेव्हा मानेकाकूंनी डोंगरे सरांच्या टायगरचं नाव घेतलं आणि सर म्हणाले, “असेल, असेल.” मॅडम लिहून घेत होत्या. विलास तोवर दारापाशी पोचला होता. चपला पायात होत्या, नाव स्वच्छ झालं होतं, घरी जायला कुणाची आडकाठी नव्हती.

“मॅडम,” तो म्हणाला, “इंजिन तेल राहिलं. ते माझं.”

मॅडमनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

“सुटे भाग रॉकेलनं धुतो आणि ते तेलकट रॉकेल मागच्या मातीवर ओततो. जिरतंय असं वाटायचं मला. पावसात वर येतंय हे मागाहून कळलं. दोन वर्षं झाली कळून.”

“मग मी चार वर्षं काय बोंबलत होतो?” मकरंदराव उसळले. माफी मागायला उभा राहिलेला माणूस तो, सगळं विसरला. “हेच सांगत होतो ना मी!”

“कुणाला सांगत होतास?” विलासचा आवाज चढला. “नगरपरिषदेला सतरा अर्ज केलेस, जिल्ह्याला नऊ. साता समुद्रापलीकडची पेटी आणलीस लेका! मला कधी विचारलंस? समोर तर राहतो मी. रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचं, विल्या, तेल कुठं टाकतोस. दुसऱ्या कुणाला नसतं सांगितलं. पण तुला सांगितलं असतं, मक्या. तुला सांगितलं असतं की रं.”

छत्तीस वर्षांत एकही मीटर मकरंदरावांना असं बोललं नव्हतं.

कुंभोजे मॅडमनी निकाल दिला. गॅरेजला सील नाही. पण महिन्याच्या आत मागच्या अंगणात वाळू आणि कोळशाचा गाळणखड्डा हवा, धुऊन उरलेलं रॉकेल पिंपात साठवून गोळा करणाऱ्यांकडे द्यायला हवं. पुढच्या पावसात पेटीला पुन्हा तेल सापडलं, तर मात्र त्याच दिवशी कुलूप. बाकीच्यांनी आपापली अंगणं आवरायची. “आणि रांगोळी दुकानातून आणा,” त्या उज्ज्वलाताईंना म्हणाल्या.

“तिची रेघ तुटते हो,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

दुपारी गौरी गेल्या. चार वाजता मकरंदरावांनी चपला घातल्या.

“कुठे निघालात?” उज्ज्वलाताईंनी विचारलं.

“समोर.”

रस्ता ओलांडायला त्यांना फार वेळ लागला. मनातल्या मनात त्यांनी एक भाषण जुळवलं होतं, त्यात ‘दिलगिरी’ हा शब्द तीन वेळा होता. गॅरेजच्या फाटकाशी ते थांबले, मग आत पाय टाकला. विलास एका जुन्या स्कूटरखाली उताणा पडला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. मकरंदराव त्या पायांसमोर उभे राहिले. खाकरले. पाय हलले नाहीत. जुळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

“विल्या,” ते म्हणाले, “तेल कुठं टाकतोस?”

स्कूटरखालून विलासचा तेलकट हात बाहेर आला आणि त्याने हँडलकडे बोट दाखवलं.

“आधी ही गाडी सरळ धर. कलतीय माझ्या अंगावर. मग दाखवतो.”

मकरंदरावांनी दोन्ही हातांनी गाडी धरली.